केरबाची पोकळ चौकट

माळवाकडी गावात केरबा चौगले नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, आणि मला विचाराल तर गावाचंच बरोबर होतं.

वय सव्वीस. अंगानं दणकट, दिसायला बरा. डोक्यावर केस दाट होते, त्यांच्या खाली काय होतं याचा तपास अजून लागलेला नाही. सांगितलेलं काम तो करायचा. पंचाईत नेमकी हीच होती. सांगितलं तेवढंच करायचा, सांगितलं तसंच करायचा, आणि एका ठिकाणी सांगितलेलं दुसऱ्या ठिकाणी नेऊन करायचा. एकदा त्याचा मामा त्याला एस.टी. स्टँडवर 'इथंच थांब, आलोच' म्हणाला आणि विसरून परस्पर घरी गेला. केरबा तिसऱ्या दिवशी सापडला. तिथंच.

त्याची आई चंद्राक्का चार वर्षं त्याच्यासाठी मुली बघत होती. अकरा ठिकाणांहून नकार आला. बाराव्या ठिकाणी, कासारखडीच्या आप्पासाहेब खराड्यांच्या वृषालीनं केरबाला पाहिलं आणि चक्क हो म्हणाली. म्हणे, आधी येऊन गेलेले चौघे फार हुशार होते, हा निदान खोटं बोलायचा नाही. खोटं बोलायला थोडं डोकं लागतं, हे त्या बिचारीच्या ध्यानात आलं नाही.

आप्पासाहेब गावच्या दूध डेअरीचे सचिव. त्यांनी दोन अटी घातल्या. डेअरीत आता कॉम्प्युटर आला होता, तेव्हा जावयाकडं कॉम्प्युटरच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाहिजे. ही पहिली. दुसरी अट खराड्यांच्या घराण्याची होती. त्यांच्यात जावई पंगतीत पारखायचा अशी रीत होती. नव्या घराची वास्तुशांत दोन महिन्यांवर आली होती. त्या दिवशी केरबानं पंगतीत वाढायचं. जो माणूस पंगत सांभाळतो तो संसार सांभाळतो, असं आप्पासाहेबांचे वडील तात्या म्हणायचे. तात्या नव्वद वर्षांचे होते आणि त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

चंद्राक्कानं देवाला हात जोडले आणि पोराला तालुक्याला क्लासला घातलं.

क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. दहा कॉम्प्युटर, आणि शिकवायला मुल्लाणी मॅडम. मॅडम हुशार होत्या, कडक होत्या, आणि आजवर त्यांनी बऱ्याच दगडांना पाझर फोडला होता. केरबाला बघितल्यावर त्यांना वाटलं, हाही फुटेल. चूक त्यांचीही आहेच.

पहिला धडा चांदण्यांचा होता. स्क्रीनवर चांदण्यांचा त्रिकोण काढायचा. पाच ओळी. पहिल्या ओळीत एक चांदणी, दुसऱ्या ओळीत दोन, असं पाचपर्यंत. आपल्या दारात बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात तसंच, पण हातानं नाही, प्रोग्रॅम लिहून. केरबानं एका बोटानं एकेक चांदणी दाबली. पंधरा चांदण्यांना त्याला तास लागला, कारण मध्ये मध्ये तो बोटाला फुंकर घालत होता.

मॅडमनी पाहिलं आणि समजावून सांगितलं, की जे पुन्हा पुन्हा करायचं असतं ते पुन्हा पुन्हा करत बसायचं नसतं. एकदाच लिहायचं, आणि किती वेळा ते सांगून टाकायचं. याला लूप म्हणतात. बाकीचं आपोआप होतं.

केरबाला हे फार पटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट पटली होती.

दुसऱ्या दिवशी चंद्राक्का बाजाराला निघाली. परसात तिनं वांग्याची चाळीस रोपं लावली होती. ऊन कडक होतं. जाताना म्हणाली, रोपांना एकेक तांब्या पाणी घाल. केरबा उठला. पहिल्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं. तांब्या खाली ठेवला, त्याच्याकडं बोट केलं, 'चाळीस वेळा' म्हणाला आणि आत येऊन झोपला.

चंद्राक्का परत आली तेव्हा एक रोप ताठ होतं आणि एकोणचाळीस माना टाकून पडली होती. तिनं कपाळावर हात मारला.

"आरं, तोंडानं सांगून पाणी पडतंय व्हय? परत्येकापाशी जायचं, खाली वाकायचं, आन् आपल्या हातानं घालायचं."

"बरं," केरबा म्हणाला. तो नेहमी बरं म्हणायचा. त्याचं बरं ऐकलं की शहाण्या माणसानं सावध व्हावं.

दुसऱ्या दिवशी क्लासात पोरंपोरी आपापले प्रोग्रॅम लिहीत होती. केरबा उठला. पहिल्या कॉम्प्युटरपाशी गेला, खाली वाकला, आणि आपल्या हातानं एक चांदणी घातली. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी. बसलेल्यांना तो हातानं बाजूला सारत होता, पण अगदी नम्रपणे. कुणाच्या हिशेबाच्या मध्यभागी चांदणी पडली, कुणाच्या नावाच्या पोटात. नऊ जणांचे नऊ प्रोग्रॅम बंद पडले, आणि नऊ जणांनी नऊ तऱ्हेच्या शिव्या दिल्या. केरबानं त्या मोजल्या नाहीत. मोजायचं अजून शिकवलं नव्हतं.

मॅडमनी त्याला त्याच्या जागेवर बसवलं. त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम पाहिला तर सगळ्या चांदण्या एकाच ओळीत लांबलचक पडलेल्या. त्यांनी दोन्ही चुकांचा एकदम समाचार घेतला. एका जागी रेंगाळायचं नाही, म्हणाल्या. एक ओळ संपली की खाली उतरायचं आणि नवी ओळ धरायची.

"संपली की खाली?" केरबानं विचारलं.

"संपली की खाली. दर वेळी."

आता माळवाकडी हे गाव डोंगराच्या उतारावर आहे. शेतं जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एकाखाली एक. सगळ्यात वरचं शेत चौगल्यांचं. त्या आठवड्यात मिरचीची लावण होती. चंद्राक्का सरी पाडून घरी भाकऱ्या थापायला गेली आणि रोपांची पाटी केरबाच्या ताब्यात दिली. त्या बाईला अजून आशा होती, याचं मला खरंच वाईट वाटतं.

केरबानं पहिली ओळ आपल्या शेतात लावली. छान लावली. ओळ संपली. तो खाली उतरला, आणि दुसरी ओळ बाळकू देसायाच्या शेतात लावली. ती संपली, पुन्हा खाली उतरला. तिसरी ओळ भोसल्यांच्या उसात घुसवली. चौथी कुणाच्या भुईमुगात. पाचवी गायरानात. सहावी ओळ लावायला तो उतरला तेव्हा खाली ओढा होता. केरबा ओढ्यात शिरला आणि वाहत्या पाण्यात मिरची लावू लागला. रोप सोडलं की वाहून जायचं. तो दुसरं लावायचा. भाकऱ्या घेऊन आई आली तेव्हा अर्धी पाटी पलीकडच्या गावाला पोचली होती.

बाळकू देसाई भांडायला आला होता, पण केरबाला कमरेएवढ्या पाण्यात बघून त्याचं भांडायचं अवसानच गेलं. भांडायला समोर निदान माणूस लागतो. तो एवढंच म्हणाला, की बाबा, बांध आला की थांबायचं असतं. बांध दिसेपर्यंत चाल, बांध आला की थांब.

"बरं," केरबा म्हणाला.

सोमवारी क्लासात त्यानं लूप लिहिला. मनापासून लिहिला. फक्त थांबायचं कुठं ते लिहिलं नाही. बटण दाबल्याबरोबर स्क्रीनवर चांदण्या धावायला लागल्या. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, वर सरकतायत, नव्या येतायत, खंड नाही. केरबा हनुवटीला हात लावून शांतपणे बघत बसला. दहा वाजता सुरू झालेला प्रकार साडेबारा वाजता मॅडमच्या नजरेस पडला.

"हे काय आहे? थांबव ते."

"थांबतंय की," केरबा म्हणाला. "बांध आला की थांबतंय."

मॅडम खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग अगदी सावकाश, लहान लेकराला घास भरवावा तसं सांगितलं, की इथं बांध येत नाही. आपणच मोजायचं असतं. ओळ मोजायची, दर ओळीला आकडा एकानं वाढवायचा, आणि जितका आकडा तितक्या चांदण्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. त्यांनी त्याचा हात धरून लिहून घेतलं, आणि स्क्रीनवर त्रिकोण आला. खरोखरचा, पाच ओळींचा.

केरबा हरखला. वाटेत भेटेल त्याला त्रिकोण सांगत तो घरी आला. चंद्राक्कानं त्या दिवशी गोडधोड केलं. पोरगं सुधारलं असं तिला वाटलं. पोरगं फक्त वाढीला लागलं होतं.

त्या शनिवारी मारुतीच्या देवळात भजनी मंडळाची पंगत होती. कासारखडीला वाढायचं आहे तर इथं हात बसू दे, म्हणून चंद्राक्कानंच केरबाला पुढं ढकललं. त्याच्याकडं जिलब्यांची परात आली. पहिल्या माणसाला त्यानं एक जिलबी वाढली. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन. पाचव्या माणसाला बरं वाटलं. आठव्याला संकोच वाटला. दहावा मधुमेहाचा पेशंट होता, तो दोन्ही हात पानावर आडवे धरून नको नको म्हणत होता. केरबानं त्याचे हात उचलून बाजूला ठेवले आणि मोजून दहा घातल्या. अकराव्याला अकरा वाढल्यावर परात रिकामी झाली. बारावे सरपंच होते. त्यांच्यामागं अजून साठ माणसं होती, आणि परातीत पाक.

भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी केरबाला देवळाबाहेर घेतलं. देवाच्या दारी माणसात भेद करायचा नाही, असं त्याला बजावलं. एकाला कमी, एकाला जास्त असं चालत नाही. सगळ्यांना सारखं.

"बरं," केरबा म्हणाला.

आणि इथं त्याचं नशीब आडवं आलं. म्हणजे उभं राहिलं, असं त्या वेळी सगळ्यांना वाटलं. कारण पुढच्याच आठवड्यात कोर्सची परीक्षा होती आणि तीत त्रिकोण नव्हताच. चौकट होती. सहा ओळी, दर ओळीत सात चांदण्या. केरबानं सगळ्या ओळींना सारखं वाढलं, आणि बेचाळीस चांदण्यांची भरलेली चौकट स्क्रीनवर उभी राहिली. मॅडमचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पण प्रश्नात पोकळ चौकट मागितली होती. कडेला चांदण्या, आत रिकामं. चुकीच्या वेळी दया येणं हा चांगल्या माणसांचा दोष असतो. मॅडम त्याच्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या,

"कडेच्या ठेव. आतल्या काढून टाक. आत एकसुद्धा दिसता कामा नये."

त्यानं तसं केलं. कसं केलं ते देव जाणे, पण केलं. बाहेरच्या बावीस राहिल्या, आतल्या वीस गेल्या. केरबा चौगले पास झाला.

सर्टिफिकेट घरी आलं. चंद्राक्कानं त्याला हळदकुंकू लावलं, त्यामुळं केरबाचं आडनाव थोडं पुसलं गेलं. सगळ्या गल्लीला तिनं ते दाखवलं. अकरा नकार त्या कागदाखाली झाकले गेले असं तिला वाटत होतं. वास्तुशांतीच्या दिवशी एस.टी.त बसल्यावर तिनं पोराचा सदरा सारखा केला आणि शेवटचं सांगितलं. जिलब्यांचं विसर, म्हणाली. पाण्याचं विसर, मिरच्यांचं विसर. मॅडमनी शेवटचं जे शिकवलं, ज्यानं तू पास झालास, तेवढंच ध्यानात ठेव आणि तसंच कर.

केरबा काय म्हणाला ते तुम्हाला ठाऊक आहे.

कासारखडीला नव्या घरापुढं मांडव घातला होता. पहिली पंगत मानाची. सहा ओळी, एकेका ओळीत सात पानं. मधोमध पंखा लावलेला, म्हणून वडीलधारी माणसं मध्ये बसवली होती आणि कडेनं भावकीतली तरणी माणसं, शेजारीपाजारी, डेअरीचे नोकर. तात्या मध्ये होते. वृषालीचे दोन्ही मामा, सगळ्यात थोरला चुलता, भटजी, डेअरीचे चेअरमन, सगळे मध्ये. यजमान खरं म्हणजे शेवटी जेवतो, पण जावयाची वाढणी जवळून बघायची म्हणून आप्पासाहेबही आजच्यापुरते पहिल्या पंगतीला बसले. तेही मध्येच.

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात तुपाचं भांडं होतं. चंद्राक्का मांडवाच्या खांबाला टेकून, सर्टिफिकेटची पिशवी पोटाशी धरून उभी होती.

केरबा बुंदीचं पातेलं घेऊन आला. सगळ्यांची पानं कोरी होती. त्यानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक डाव बुंदी, पानाच्या डाव्या हाताला, ना सांडली, ना लवंडली. पुढच्या पानावर एक डाव. सगळ्यांना सारखं. आप्पासाहेबांनी मामांकडं पाहून मान हलवली. पहिली ओळ पूर्ण झाली. मधल्या चार ओळींत त्यानं पहिल्या माणसाला वाढलं आणि शेवटच्याला वाढलं. मधल्यांना वाटलं, परत येईल. मग शेवटची ओळ त्यानं पूर्ण केली. बावीस पानं. त्यानं पातेलं खाली ठेवलं, दोन पावलं मागं सरकून डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. आत माणसं दिसत होती.

तो आत शिरला. दुसऱ्या ओळीतलं दुसरं पान तात्यांचं होतं. केरबानं ते उचललं, दुमडलं आणि काखेत मारलं.

"आजोबा, उठा."

तात्यांना ऐकायला कमी यायचं. आपल्याला आणखी वरच्या मानाच्या जागी नेतायत असं समजून ते आशीर्वाद देत देत उठले. केरबानं त्यांना दंडाला धरून मांडवाच्या बाहेर, उन्हात नेऊन उभं केलं आणि परत आला.

आता त्या भागात एक गोष्ट आहे. मांडून बसलेल्या पानावरून माणसाला उठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यापेक्षा वाईट. थुंकलेलं धुता येतं. पानावरून उठवलेला माणूस त्या घराचं पाणी जन्मात पीत नाही. भावाभावांची तोंडं एवढ्यावरून तीस-तीस वर्षं बंद झालेली आहेत. हे लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं. केरबालाही ठाऊक होतं, कारण कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. पण शेवटचं सांगितलेलं ते नव्हतं.

त्यानं थोरल्या चुलत्याला उठवलं. भटजींना उठवलं, ते मंत्र म्हणत होते, तो अर्ध्यात तुटला. एक मामा उठला, दुसरा उठेना, तर केरबानं त्याच्या काखेत हात घालून त्याला मायेनं उभा केला. चेअरमन जाड होते, त्यांना वेळ लागला. कुणी ओरडलं नाही. इतका मोठा अपमान होताना माणसाला ओरडायचं सुचतच नाही, तो आधी हे खरं आहे का ते बघत राहतो. दुसरी ओळ संपली, तिसरी संपली, चौथी संपली. पाचव्या ओळीत सगळ्यात शेवटी आप्पासाहेब राहिले. पान केरबाच्या हातात जाताना ते त्याच्याकडं बघत होते.

"आन् मला कुठं बसवणार, पावणं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"कुठंच न्हाई," केरबा म्हणाला. "आत एकसुद्धा दिसायला नगो."

उन्हात वीस मानाची माणसं उभी होती. कडेच्या बाविसांचे हात बुंदीवर तसेच थांबले होते. वृषाली हे सगळं दारातून बघत होती. तिला अजून वाटत होतं की यात काहीतरी असेल, एखादी गंमत, एखादं कारण. कारण सांगितलं की मिटेल, असं मनात धरून ती तुपाचं भांडं घेऊन मांडवाच्या मधोमध आली, पंख्याखाली त्याच्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात तिनं विचारलं,

"हे काय चालवलंय तुम्ही? मला तरी सांगा."

केरबानं तिच्याकडं पाहिलं. एवढी मेहनत घेऊन आतलं सगळं साफ केलं होतं, आणि बरोबर मधोमध ही.

"तू आत का आलीस?" तो म्हणाला. "बाहेर हो."

"मी?"

"तूच. आता आत तू एकटीच राहिलीस."

वृषालीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा उन्हात उभ्या असलेल्या तात्यांकडं. मग ती 'बरं' म्हणाली, तुपाचं भांडं त्याच्या पायाशी ठेवलं आणि मांडवातून, त्या लग्नातून आणि चौगल्यांच्या सात पिढ्यांतून बाहेर झाली. तिच्यामागं कडेची बावीस माणसं उठायला लागली होती, पण केरबाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो धावत मांडवाच्या खांबापाशी गेला आणि त्यानं आईचा हात धरून तिला पुढं ओढलं.

"आये, बघ लवकर," तो म्हणाला. "चौकट अगदी बिनचूक आली."